भिंतीतला गोचीड

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कुत्र्याच्या मरणाची चौकशी होत नाही. बैल दगावला तर सारं गाव दारात जमतं. वाघानं गाय मारली तर वनखात्याची माणसं येतात, पंचनामा होतो, भरपाईचा अर्ज लागतो. शेळी मेली तरी घरातली बाई दोन दिवस हळहळते. कुत्रं मेलं की पायाला दोरी बांधून त्याला नाल्याकडं ओढत नेतात आणि दिवस मावळायच्या आत विषय संपतो. ‘म्हातारं झालं होतं’, ‘उन लागलं असन’, ‘कुठंतरी काही खाल्लं असन’, अशी कारणं तयारच असतात.

आणि हेच कुत्रं त्या घराच्या पोटापाण्याला धरून असतं. आमच्याकडं कापूस, तूर, हरभरा ही पिकं रानडुकरं आणि रोही यांच्या तोंडातून वाचवायची म्हणजे रात्र रात्र जागल करावी लागते. मचाणावर शेकोटीपाशी बसलेल्या माणसाला धुऱ्यापलीकडची चाहूल लागत नाही, कुत्र्याला लागते. केळापूर, झरी, मारेगाव, राळेगाव या पट्ट्यात जागलीला जाणारा माणूस आधी कुत्र्याला हाक मारतो, मग बॅटरी उचलतो. वाघाच्या मुलखात कुत्र्याचं भुंकणं म्हणजे माणसाला मिळालेली अर्ध्या मिनिटाची सवड असते. कोलामांच्या पोडावर आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावरही मी कुत्र्याशिवाय घर पाहिलेलं नाही. एवढी कामाची ही जात, पण ती आजारी पडते कशानं, हा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारलेला नाही. मला वाटतं तो विचारायची वेळ होऊन गेली आहे. कारण त्यातल्या कितीतरी मरणांचं उत्तर कुत्र्याच्या कानात बसलेलं असतं आणि आपण ते रोज बघतो.

गोचीड आपल्याला नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायातही तो आहे. गायीच्या कासेजवळ राहून दूध सोडून रक्त पिणारा म्हणून त्याचा दृष्टान्त आला आहे. म्हणजे सातशे वर्षांहून जास्त काळ मराठी माणूस त्याला ओळखतो. ही ओळखच घातक ठरली आहे. ढोरांच्या अंगावर गोचीड असतातच, कुत्र्याच्या कानात असतातच, अशी आपली समजूत पक्की झाली. पोळ्याच्या आधी बैलाला धुताना काखेतले, मानेखालचे गोचीड वेचले जातात, खांदे शेकले जातात. बैलाच्या नावाचा तेवढा एक दिवस तरी आहे. कुत्र्याचा कान वर्षातून एकदा कुणी उलटा करून बघेल तर शपथ.

तो बघावा. मी सांगतो काय दिसतं. कानाच्या आतल्या घडीत, जिथं कातडी पातळ आणि गुलाबी असते, तिथं बारीक चपटे तपकिरी दाणे ओळीनं बसलेले असतात. बोट लावलं तरी हलत नाहीत, कारण तोंड कातडीत रुतलेलं असतं. त्यांच्यामध्येच एखादी फुगलेली, राखाडी, एरंडीच्या बीएवढी मादी असते. तिचे पाय एवढ्या मोठ्या पोटाखाली जेमतेम दिसतात. पायांच्या बोटांमधली फट उघडा, तिथंही तेच. गळ्यातल्या पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी, काखेत, पापणीच्या कडेला. जिथं कुत्र्याचा दात आणि नख पोचत नाही, तिथं तो बसतो.

पण खरी गोष्ट याच्या पुढं आहे आणि तिच्यामुळंच मी हे लिहायला घेतलं. जनावरांच्या अंगावर सर्रास आढळणारा गोचीड आणि कुत्र्याचा तपकिरी गोचीड हे एक नव्हेत. गायीबैलांवरचा तो नेहमीचा गोचीड पिल्लू म्हणून एकदा अंगावर चढला की तिथंच वाढतो, तिथंच कात टाकतो आणि रक्तानं भरलेली मादी अंडी घालायलाच काय ती खाली उतरते. कुत्र्याच्या गोचिडाचं तसं नाही. तो आयुष्यात तीन वेळा चढतो आणि तीन वेळा उतरतो. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू कुत्र्यावर चढून काही दिवस रक्त पितं, पोट भरलं की खाली पडतं आणि भिंतीच्या भेगेत जाऊन कात टाकतं. तिथून आठ पायांचं होऊन बाहेर येतं, पुन्हा कुत्रं शोधतं, पुन्हा पिऊन उतरतं, पुन्हा कात टाकतं. मग पूर्ण वाढलेला गोचीड तिसऱ्यांदा चढतो. मादी भरली की उतरते, एखाद्या फटीत शिरते, हजारांच्या संख्येनं अंडी घालते आणि मरते. पूर्ण वाढ झालेला गोचीड रक्ताच्या थेंबाशिवाय महिनोन् महिने, कधी वर्षभरही, त्या फटीत तग धरतो.

याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. कुत्र्याच्या अंगावर आपल्याला जे दिसतात ते थोडे असतात. बाकीचे घरात असतात. छपरीतल्या पोत्याखाली, खाटेच्या विणीत, पऱ्हाट्यांच्या कुडाला शेणमातीनं लिंपलेल्या भिंतीच्या पोपड्यात, दाराच्या चौकटीमागं, गोठ्याच्या गव्हाणीत. आणि या गोचिडाची आणखी एक खोड आहे: तो खाली पडला की वर चढतो. म्हणून कधीकधी आढ्याजवळ, फोटोच्या चौकटीमागं किंवा टीव्हीच्या वायरीवर तो सापडतो आणि घरातली माणसं चकित होतात. जंगलातला गोचीड पावसाळी ओल धरून राहतो. हा मात्र घरातला आहे. बाहेर मे महिन्यात 45 अंशांचं ऊन कोसळत असताना मातीच्या भिंतीच्या आत त्याला हवा तसा गारवा आणि आडोसा मिळतो. आपण स्वतःसाठी बांधलेलं घर त्यालाही तितकंच मानवतं.

माझ्या मोठेबाबांचा काळ्या नावाचा कुत्रा होता. पांढरकवड्याच्या बाजूला त्यांचं शेत. काळ्या गावठीच, पण छाती रुंद आणि आवाज असा की दोन शेतं पलीकडं ऐकू यावा. एका उन्हाळ्याच्या शेवटी तो भाकरी बाजूला सारायला लागला. ‘दोन दिस झाले, भाकरीले तोंड लावत नाही हा,’ मोठी माय म्हणाली. सगळ्यांनी उन्हावर घातलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी छपरीत गेलो तर तो पुढच्या पायांवर डोकं ठेवून पडला होता आणि त्याच्या डाव्या नाकपुडीतून रक्ताचा थेंब निघून ओठाच्या कडेला येत होता, तिथं थांबत होता आणि मग जमिनीवर पडत होता. जिथं पडला होता तिथली सारवलेली जमीन हातभर काळी झाली होती. त्यानं नाक चाटलं की क्षणभर थांबायचं आणि पुन्हा सुरू. मी त्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक, आणि त्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. पोटाच्या कातडीवरही तेच.

‘साप तं नसन चावला?’ मोठेबाबांनी विचारलं. शेजारचे म्हणाले, रानडुकरानं मारलं असेल, आत काही फुटलं असेल. गाडी सांगून त्याला तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी त्याचा कान उलटा केला. मग कानाच्या टोकातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला.

‘गोचीड ताप आहे काकाजी. रक्त गोठायला ज्या पेशी लागतात त्या संपल्यात. डेंग्यूत माणसाच्या प्लेटलेट पडतात ना, तशा.’

‘गोचिडानं कुठं कुत्रं मरते का बाप्पा!’ मोठेबाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात अविश्वास नव्हता, धसका होता. कारण आजवर मेलेली सगळी कुत्री त्यांना त्या एका वाक्यात आठवली असणार.

डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध डॉक्सिसायक्लिन होतं, वजनाच्या हिशेबानं, रोज, सलग चार आठवडे. चार आठवडे हा आकडा महत्त्वाचा आहे. कारण आठवड्यातच कुत्रं उठून बसतं, भाकरी खातं, शेपूट हलवतं आणि घरची माणसं म्हणतात, झालं बरं. इथंच फसगत होते. हा जंतू, एर्लिकिया त्याचं नाव, रक्तातल्या पांढऱ्या पेशींत दडून बसतो. पहिला ताप उतरला की कुत्रं महिने, कधी वर्षंही, धडधाकट दिसतं आणि आत रोग चालूच असतो. नंतर हाडांतला मगज, जिथं रक्त तयार होतं, तोच थकतो. त्या टप्प्याला पोचलेल्या कुत्र्याला वाचवणं फार कठीण. आपण ज्याला ‘म्हातारं होऊन वाळत गेलं’ म्हणतो, त्यातली किती कुत्री या टप्प्यावरची असतील, याचा विचार केला की मन खिन्न होतं. मोठी मायनं मात्र काळ्याला एक दिवस चुकू दिला नाही. गूळ लावलेल्या भाकरीच्या घासात ती गोळी द्यायची आणि तो पाणी पिईपर्यंत समोर बसून राहायची. काळ्या उठला.

हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला तो अल्जीरियात, 1935 साली, तिथल्या पाश्चर संस्थेच्या कुत्र्यांमध्ये. त्यानंतर तीसेक वर्षं जगानं त्याच्याकडं फारसं लक्ष दिलं नाही. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी फौजेची शिकवलेली कुत्री नाकातून रक्त वाहून मोठ्या संख्येनं मरायला लागली, तेव्हा कुठं नीट संशोधन झालं. लष्कराचं कुत्रं मेलं की चौकशी होते. जागलीचं कुत्रं मेलं की होत नाही. फरक रोगात नाही.

या विषयात भारताचं नाव आरंभापासून आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. कुत्र्याच्या रक्तातला ‘हेपॅटोझून’ नावाचा परजीवी जेम्स या डॉक्टरांनी 1905 मध्ये भारतातल्याच कुत्र्यांत प्रथम वर्णिला. तो चाव्यातून येत नाही. अंग चावता चावता कुत्रं गोचीड गिळतं आणि त्या गोचिडाच्या पोटातून तो कुत्र्याच्या शरीरात जातो. ‘बबेसिया गिब्सोनी’ हा दुसरा, पॅटन यांनी 1910 मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत आणि कोल्ह्यांत पाहिलेला. तो थेट तांबड्या पेशीत शिरतो आणि ती फोडतो. कुत्र्याला कावीळ होते, लघवी काळ्या चहासारखी होते, जीव धापा टाकतो. एर्लिकियाचं औषध याला पुरत नाही. याची औषधं वेगळी. आणि एकाच गोचिडाच्या सहवासात राहणाऱ्या कुत्र्याला दोन्ही रोग एकदम होऊ शकतात. म्हणून काचपट्टीवरचा तो रक्ताचा थेंब टाळू नये. अंदाजानं दिलेल्या सुईत कुत्र्याचे दिवस जातात.

गोचीड रोग पसरवतो हे मुळात शोधलं गेलं तेही ढोरांमुळं. अमेरिकेत टेक्सास तापानं गुरं मरत होती. तिथले गुराखी कधीपासून म्हणत होते की हे गोचिडांचं काम आहे, शिकलेली माणसं मानत नव्हती. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी 1893 मध्ये ते सिद्ध करून दाखवलं. गोचीड, डास, पिसू यांच्यासारखा बारका जीव एका शरीरातला रोग दुसऱ्या शरीरात नेतो, याचा जनावरांतला तो पहिला भक्कम पुरावा. गुराख्यांचं ऐकलं असतं तर काही वर्षं आधी कळलं असतं.

काळ्या बरा झाला, पण पाऊस लागल्यावर त्याच्या कानात पुन्हा तपकिरी दाणे दिसले. ते कुठून आले? भिंतीतून. घरातल्या भिंतीतून आणि शेजारच्यांच्याही. आमच्या त्या ओळीत घरं एकमेकांना लागून आहेत, एकाचा कुड तो दुसऱ्याचा कुड. दोन घरं सोडून एक कुत्री व्यायलेली होती. तिच्या पिल्लांच्या पापण्यांवरसुद्धा गोचीड होते. ती पिल्लं त्या पावसाळ्यात एकेक करून गेली. पिल्लांच्या अंगात रक्त ते किती असतं. शंभर गोचीड चिकटले तर रोगाची गरजच उरत नाही, नुसत्या रक्तशोषणानंही जीव जातो.

अशा वेळी आपल्याकडचा माणूस काय करतो, हे सांगताना मला खरोखर भीती वाटते. तो फवारणीची बाटली काढतो. कपाशीवर मारायच्या औषधाचं झाकण बादलीत ओततो आणि त्या पाण्यानं कुत्र्याला धुतो. दुकानात मिळतं, घरात पडलेलं असतं, किडा मरतो हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. गोचीड मरतात, हेही खरं. पण कुत्रं अंग चाटतं. काही वेळात तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, अंग थरथरतं, श्वास लागतो. हे वर्णन यवतमाळकरांना वाचून काही आठवायला हवं. 2017 च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं गेले, शेकडो माणसं यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भरती झाली. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही नावं त्या वर्षी शाळकरी पोरांनाही पाठ झाली होती. ज्या विषानं अंगावर उडून माणूस मेला, ते आपण हातमोजे न घालता कुत्र्याच्या अंगावर चोळतो, आणि घरातलं लहान लेकरू त्याच कुत्र्याच्या गळ्यात पडतं. या जिल्ह्यानं तरी ही चूक करू नये. एवढी किंमत मोजून शिकलेली गोष्ट विसरण्याचा आपल्याला अधिकार नाही.

जनावरांसाठी वेगळी औषधं आहेत. डेल्टामेथ्रीन किंवा अमिट्राझची जनावरांसाठी केलेली बाटली गुरांच्या दवाखान्यात किंवा जनावरांच्या मेडिकलमध्ये मिळते. किती पाण्यात किती मिली, हे पशुवैद्याकडून लिहून घ्यावं आणि मापानंच घ्यावं. अंग वाळेपर्यंत कुत्र्याला चाटू देऊ नये, लहान पिल्लांना आणि आजारी कुत्र्याला विचारल्याशिवाय लावू नये. शहरात आता अशा गोळ्या आल्या आहेत की एक गोळी महिनाभर, काही तर तीन महिने, गोचीड मारत राहतात. चांगल्या आहेत. पण एका गोळीला जी रक्कम लागते ती निंदणीला जाणाऱ्या बाईची कित्येक दिवसांची मजुरी आहे. कुत्रं त्या बाईचंही आहे, म्हणून हा प्रश्न घराघरापुरता ठेवून सुटणार नाही.

तो वस्तीनं सुटतो, याचं एक उदाहरण फार दूरचं आहे, पण आपल्याला लागू पडणारं आहे. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, मूळ रहिवाशांच्या वस्त्यांमध्ये, या शतकाच्या सुरुवातीला ठिपक्यांच्या तापानं माणसं मरायला लागली. त्यांत लहान मुलं होती. रोग नेणारा जीव निघाला तोच, कुत्र्याचा तपकिरी गोचीड. गरीब वस्ती, मोकळी फिरणारी कुत्री, घरापुढं पडलेल्या जुन्या गाद्या. 2012 मध्ये तिथं एका वस्तीत घरोघर जाऊन सगळ्या कुत्र्यांना औषधी पट्टे बांधले, अंगणांत आणि घरांभोवती दर महिन्याला फवारणी केली. चार महिन्यांनी त्या वस्तीत शंभरात एखाद्या कुत्र्यावर गोचीड दिसत होता. ज्या वस्तीत हे केलं नव्हतं तिथं निम्म्याहून जास्त कुत्र्यांवर. एकट्या-दुकट्या घरानं केलं असतं तर हे झालं नसतं.

आपल्याकडं माणसाला असा ताप होत नाही, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. अकोल्यात बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तापाची, अंगावर पुरळ उठलेली मुलं वर्षानुवर्षं तपासली आणि रिकेट्सिया जंतूंचा ठिपक्यांचा ताप लवकर ओळखण्यासाठी गुण देण्याची एक पद्धत मांडली. 2011 मध्ये ती ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’मध्ये छापून आली. तळहात आणि तळपायांवर उठलेल्या पुरळाला त्यात मोठं वजन आहे. मूल खेड्यातलं आहे का, घरी जनावर आहे का, गोचिडांशी संबंध आला का, यांनाही गुण आहेत. म्हणजे आईबापांनी सांगितलेली एक साधी माहिती डॉक्टरांना निदानाच्या जवळ नेऊ शकते. या तापावर नेहमीची पेनिसिलिनसारखी औषधं चालत नाहीत. चालतं ते डॉक्सिसायक्लिन, काळ्याला दिलं तेच, आणि ते जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. उशीर जिवावर बेततो.

सिंधुदुर्गात हे लोकांना कळून चुकलं आहे. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात 1957 मध्ये सापडलेला गोचिडांचा ताप 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात पोचला. माकडं मरून पडायची, मग काजूच्या बागेत जाणारी माणसं तापानं फणफणायची. लोकांनी त्याला माकडताप म्हटलं. तो गोचीड वेगळा, जंतू वेगळा. पण तिथं मेलेलं माकड ही पूर्वसूचना आहे, हे शाळेतल्या पोरालाही माहीत झालं. आमच्याकडं मेलेलं कुत्रं ही पूर्वसूचना असू शकते, हे अजून कुणाच्या मनात येत नाही.

आणि उन्हाचं काय? कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये एक प्रयोग मांडला. दोन मोठ्या पेट्या, त्यांना जोडणारी पारदर्शक नळी. एका पेटीत माणूस, दुसऱ्यात कुत्रा, नळीच्या मध्यावर हे तपकिरी गोचीड. 23 अंशांच्या आसपास गोचीड कुत्र्याकडं जात होते. 38 अंशांना उष्ण प्रदेशातल्या वंशाचे गोचीड मोठ्या प्रमाणात माणसाकडं वळले. आपल्याकडचा तो याच वंशाचा. 38 अंश म्हणजे यवतमाळात मार्च-एप्रिलची दुपार. कुत्रं आणि माणूस एकाच छपरीत, एकाच सावलीला झोपलेले असतात. उन्हाळे वाढत चालले आहेत, तेव्हा या प्रयोगाकडं आपण दूरची बातमी म्हणून बघू शकत नाही.

जंगलाच्या बाजूनंही धास्ती आहेच. आमच्या जिल्ह्यातलं टिपेश्वर अभयारण्य सुमारे 148 चौरस किलोमीटरचं. त्याला लागून शेतं, शेतांना लागून गावं. आमची कुत्री रात्री कुठवर जातात, कोणत्या कोल्ह्याच्या वाटेनं फिरतात, कोणत्या वाघाच्या उरलेल्या शिकारीवर तोंड मारतात, कुणी मोजलेलं नाही. गीरमध्ये 2018 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले. काहींत कुत्र्यांचा डिस्टेंपर विषाणू सापडला, काहींत गोचिडातून येणारा बबेसिया. टिपेश्वरच्या वाघांचं आपल्याला कौतुक आहे, ते असावंच. पण वाघाचं आरोग्य काही अंशी कडेच्या गावातल्या कुत्र्यांच्या आरोग्यात गुंतलेलं आहे, हे वनखात्यानं आणि पशुसंवर्धन खात्यानं एकत्र बसून मान्य करायला हवं. रेबीजच्या लसीचं शिबिर गावात येतं तेव्हा त्याच टेबलावर गोचिडाचं औषध ठेवायला काय हरकत आहे?

मोठेबाबांनी पुढच्या वर्षी एक केलं. छपरीतलं पोतं जाळलं, खाट उन्हात टाकून उकळतं पाणी ओतलं, भिंतीचे पोपडे काढून नव्यानं लिंपलं, वर चुना मारला. पशुवैद्यानं सांगितलेलं औषध भेगांत फवारलं आणि तीन आठवड्यांनी पुन्हा फवारलं, कारण अंड्यांवर ते चालत नाही आणि मधल्या काळात नवी पिल्लं निघतात. मग शेजारच्या घरी गेले. ‘तुह्या भितीतले माह्या कुत्र्यावर येतेत बा,’ असं त्यांनी सांगितलं, भांडून नव्हे, समजावून. ओळीतल्या निम्म्या घरांनी ऐकलं. निम्म्यांनी ऐकलं एवढ्यानंही त्या पावसाळ्यात काळ्याचे कान साफ राहिले.

तुमच्या घरी कुत्रं असेल तर आज संध्याकाळी त्याचा कान उलटा करून बघा, पायांच्या बोटांत बघा. गोचीड दिसला तर नखानं चिरडू नका, बिडीचा चटका देऊ नका, रॉकेल ओतू नका. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका, हात धुवा. कुत्र्यानं भाकरी सोडली, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं तर ऊन लागलं म्हणून दोन दिवस वाट बघू नका. आणि घरातल्या लेकराला ताप येऊन अंगावर पुरळ उठलं, तर दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा की आमच्या घरी कुत्रं आहे आणि त्याच्या अंगावर गोचीड आहेत.